कुंकू प्यायलेलं दार

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेत, समोर प्रश्न छापलेला असताना. एकदा हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून रेक्टर सरांना अर्ज लिहिला होता. मित्रांनी तो फार छान झालाय असं सांगून खाली सह्या केल्या. पाणी अजून चढलेलं नाही. तेव्हा आपल्या लिहिण्यानं कुठं काही हलतं असा माझा समज नाही, आणि माझ्यापेक्षा जास्त सोसलेली, जास्त वाचलेली माणसं गप्प बसलेली असताना मी तोंड उघडावं हे मलाच बरं वाटत नाही.

तरी लिहितोय, कारण मी एक कागद वाचला नाही आणि वाचला असं सांगितलं. एवढीच गोष्ट आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

आमचं गाव मोडनिंब. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बावीस वर्षं गावातल्या एका डॉक्टरांची गाडी चालवत होते. तेवढ्या काळात डॉक्टरांनी चार गाड्या बदलल्या, अण्णा तेच राहिले. मागच्या सीटवर डोळे मिटून बसले तरी कुठल्या चाकात काय बिघडलंय ते अण्णा सांगतात. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला मुलीकडं राहायला गेले, आणि सकाळी आठ वाजता आवरून कुठं जायचं हे अण्णांना पहिल्यांदाच कळेना. आठवडाभर ते दारात खुर्ची टाकून हायवेवरच्या गाड्या बघत बसले. मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, आपली स्वतःची गाडी घ्यायची आणि भाड्यानं चालवायची. पेशंट सोलापूरला न्यायचे, लग्नाचं वऱ्हाड न्यायचं, कुणाला अक्कलकोट, कुणाला तुळजापूर करून आणायचं. दुसरं काम त्यांना येत नाही आणि त्या वयात दुसरं कुणी ठेवूनही घेणार नव्हतं. म्हणजे ही गाडी हौसेची नव्हती, पोटाची होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पैशाचं मामांनी आणि बँकेनं बघितलं. त्यात मला कुणी विचारलं नाही आणि ते बरंच झालं. माझ्याकडं कागद आले. अण्णा चौथीपर्यंत शिकलेत. मराठी पेपर ते ओठ हलवत वाचतात, पण पूर्ण वाचतात, जाहिराती आणि निधनवार्तांसकट. इंग्रजी मात्र त्यांना गाडीच्या डॅशबोर्डवर दिव्यांपाशी लिहिलेलं असतं तेवढंच येतं. मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. त्यामुळं गावातल्या कुणाचाही कागद, मग तो विजेच्या बिलाचा असो की विम्याचा, आमच्या घरी येतो आणि मी तो कपाळाला आठ्या घालून वाचतो. आठ्या घातल्या की लोकांना बरं वाटतं. आईनं तर वाटणीच करून टाकली होती. ती म्हणाली, "गाडीतलं ह्यांना कळतंय, कागदातलं तुला. मग भ्यायचं कशाला?"

शोरूम सोलापूरच्या बाहेर हायवेला आहे. पहिल्या दिवशी जाताना वाटेत मी अण्णांना सूचना देत होतो. तिथं मोठ्यानं बोलायचं नाही, टायरला लाथ मारून बघायची नाही, पान खाऊन आत जायचं नाही. अण्णा पान खातच नाहीत, पण मी बोलण्याच्या भरात होतो. आत गेलो तर फरशी इतकी चकचकीत की मी दारातच बूट काढले. बूट हातात धरून उभा राहिलो, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. अण्णा चपला घालून सरळ आत गेले होते. डॉक्टरांच्या गाड्या सर्व्हिसिंगला नेऊन नेऊन त्यांना असल्या जागांचं काही वाटत नाही. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "आरं, देवळात आलायस व्हय? घाल ते पायात." वॉचमन हसला नाही, हे त्याचे उपकार.

गाडी दाखवणारा मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. टाय लावलेला, हातात टॅब. अण्णांना तो काका म्हणाला आणि मला सर. मला सर म्हणणारा हा जगातला पहिला माणूस. इथून पुढं माझं जे काही झालं ते त्या एका शब्दानं झालं असं म्हटलं तर तो त्या बिचाऱ्यावर अन्याय होईल, पण तसं झालं खरं. मी ताठ बसलो. त्याच्याशी बोलताना 'आहे, नाही' आणि अण्णांकडं वळून 'हाय, न्हाय', असं मान वळेल तशी भाषा बदलत होतो. मध्येच गडबड झाली आणि त्या मुलाला "व्हय की" म्हणालो. तोही सहज "व्हय सर" म्हणाला. तो इथल्याच जुळे सोलापूर भागातला निघाला, त्याला काहीच वेगळं वाटलं नव्हतं.

अण्णांनी त्याला इंजिनाबद्दल चार प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं त्याला आली नाहीत, त्यानं ती आतून विचारून आणली. मग कागदांचा विषय निघाला तेव्हा त्यानं मला विचारलं, "सर, फॉर्म मराठीत पण आहेत. कुठले काढू?"

मी म्हणालो, "इंग्लिश चालेल."

तो अजून एकदा म्हणाला, मराठीत अगदी सोपं जातं, सगळे तेच घेतात. मी हात हलवून म्हणालो, नको, इंग्लिशच बरं पडतं. कुणाला बरं पडतं ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही. अण्णांचा मोबाईल बटणांचा, म्हणून नंबर माझा दिला आणि मेलही माझाच. पुढं गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमच्या टीव्हीवर अभिनंदन म्हणून माझंच नाव झळकलं त्याचं कारण हे.

अण्णांनी जाताना एकच गोष्ट मागितली. डॉक्टर नवी गाडी घ्यायचे तेव्हा अण्णा आदल्या दिवशी यार्डात जायचे. चारी दारं उघडून लावून बघायची, काचांवर कोरलेलं बनावटीचं साल बघायचं, खाली टॉवेल अंथरून गाडीखाली शिरायचं, आणि शेवटी पत्र्यावरून तळहात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. हे सगळं केल्याशिवाय डॉक्टर गाडी घरी आणत नसत. अण्णा त्या मुलाला म्हणाले की आदल्या दिवशी येऊन बघून जातो. तो म्हणाला, या की काका, केव्हाही या.

नको म्हणालो तो मी. यार्डात टॉवेल अंथरून अण्णा गाडीखाली शिरलेत आणि टायवाला मुलगा मला सर म्हणत बाजूला उभा आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं की आता तसं करत नाहीत. आता कंपनीच तपासून देते, त्याची यादी असते, यादीत टिकमार्क असतात. अण्णांनी ऐकून घेतलं. "व्हय? मग बरं झालं की," म्हणाले. त्यांना माझं खरं वाटलं. बावीस वर्षांचा तळहात त्यांनी माझ्या टिकमार्कवर सोडून दिला.

दसऱ्याचा दिवस ठरला. मी नव्या पेठेत जाऊन नवा शर्ट घेतला, आकाशी रंगाचा. तो शोरूमच्या लोकांच्या शर्टासारखाच निघाला, त्यामुळं त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी मला गाडीची किंमत विचारली. आम्ही तिघं सकाळी दहाला पोचलो. आत जत्रा भरल्यासारखी गर्दी. दसऱ्याला गाडी घरी न्यायची म्हणून सगळ्यांनी तोच दिवस धरलेला. गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर लाल साटनचं कापड. एकेका कुटुंबाला बोलवायचे, गाणं लावायचे, कापड ओढायला सांगायचे, केक कापायचा, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो, की पुढचं कुटुंब. आमचा मुहूर्त पावणेबारापर्यंतचा. आईनं तो गावातल्या गुरुजींकडून चिठ्ठीवर लिहून आणला होता आणि दर पाच मिनिटांनी ती चिठ्ठी उघडून बघत होती, जणू वेळ त्या कागदावर पुढं सरकत होती.

साडेअकराला आमचा नंबर लागला. अण्णा कापडाचा कोपरा उचलून आत डोकावत होते. मी त्यांना हळूच मागं ओढलं. कापड एकदम ओढायचं असतं, म्हटलं. ओढलं. आत पांढरी गाडी, पिवळी नंबरपाटी. अण्णांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि परत लावला.

मग आईचं सुरू झालं. बॉनेटवर स्वस्तिक काढायची पद्धत सगळ्यांचीच आहे, शोरूमवाले त्यासाठी ताटच तयार ठेवतात. पण आईनं वाटीत कुंकू भिजवलं आणि चारी दारांवरही स्वस्तिकं काढायला लागली. तो मुलगा म्हणाला, काकू, पुढं काढलं तरी चालतं. आई म्हणाली, "लक्ष्मी घरात दारातनंच येतीया न्हवं? मग?" तो बाजूला सरकला. मागच्या कुटुंबातल्या बाया बघत होत्या. मी पुठ्ठ्याची किल्ली तोंडासमोर धरून उभा राहिलो.

तेवढ्यात कागद आले. पाच-सहा पानं, सगळी इंग्रजीत, ठिकठिकाणी पेन्सिलनं फुल्या. पावणेबाराला दहा मिनिटं होती. आई चिठ्ठी बघत होती, केक वितळत होता, मागचे लोक घसा खाकरत होते. गाडी अण्णांच्या नावावर, सही त्यांची. त्यांनी कागद माझ्या हातात दिले. मी आठ्या घातल्या. पहिल्या पानावर टूल किट, स्टेपनी, दोन किल्ल्या असं होतं, ते मी वाचलं. दुसरंही वाचलं बहुतेक. चौथ्या पानावर एक मोठं वाक्य होतं. त्यात 'रेक्टिफाइड' असा शब्द दिसला आणि मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. कारण अकाउंट्सच्या पेपरात चुकांच्या दुरुस्तीवर, म्हणजे रेक्टिफिकेशनवर, अख्खा धडा आहे, आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण आहेत. त्या आनंदात मी पान उलटलं.

अण्णांनी विचारलं, "वाचलं का सगळं?"

"वाचलं. करा सही."

त्यांनी सही केली. फुलीच्या बरोबर वर, एकेक अक्षर सुटं सुटं. मुहूर्ताच्या आत चार मिनिटं राखून आम्ही गाडी बाहेर काढली, चाकाखाली लिंबं फुटली. त्या मुलानं माझ्या मोबाईलवर एक प्रश्न पाठवला होता, तुमचा अनुभव कसा वाटला, दहापैकी किती. मी दहा दिले.

तीन दिवसांनी अण्णांनी गाडी पहिल्यांदा धुतली. मी हॉस्टेलवर होतो, मला हे फोनवरच कळलं. बॉनेटवरचं स्वस्तिक गेलं. तीन दारांवरची गेली. पुढचं डावं दार, गिऱ्हाईक बसतं ते, त्यावरचं जाईना. साबणानं जाईना, रॉकेलच्या फडक्यानं जाईना. कुंकवाचा थर निघाला पण खाली गुलाबी स्वस्तिक तसंच, रंगात मुरल्यासारखं. मग अण्णांनी ते केलं जे मी त्यांना करू दिलं नव्हतं. तळहात फिरवला. दारावरून, शेजारच्या पत्र्यावरून, परत दारावरून.

फोनवर ते शांत होते. म्हणाले, "दार रंगवल्यालं हाय. कंपनीचा रंग कुंकू पीत न्हाय." आणि मग म्हणाले की काळजी करण्यासारखं काही नाही. "कागद हाईत की आपल्याकडं. तू वाचल्यात. सोमवारी जाऊन दाखवू."

फोन ठेवून मी हॉस्टेलच्या जिन्यातच बसलो आणि मेलवर आलेली त्या कागदांची प्रत उघडली. चौथं पान. या वेळी मी ते वाक्य वाचलं, ओठ हलवत, अण्णा पेपर वाचतात तसं. त्यात लिहिलं होतं की वाहतुकीत या गाडीचं पुढचं डावं दार चेपलं होतं, ते दुरुस्त करून पुन्हा रंगवलं आहे, हे ग्राहकाला समजावून सांगितलं आहे आणि ग्राहकाला ते मान्य आहे. मी ते तीनदा वाचलं. दर वेळी अर्थ तोच निघाला. इंग्रजी काही अवघड नव्हतं. दसऱ्यालाही अवघड नव्हतं.

खरं तर तेव्हाच अण्णांना फोन करून सांगायला हवं होतं. मी सोमवारपर्यंत वाक्यं तयार करत बसलो. पहिलं वाक्य फार शुद्ध झालं, 'माझ्याकडून अनवधानाने' असं काहीतरी. अण्णांना अनवधान म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं असतं. दुसरं इतकं रडकं झालं की माझंच मला हसू आलं. सोमवारी अण्णा गाडी घेऊन हॉस्टेलवर मला घ्यायला आले. ठरवलं, गाडीत बसल्या बसल्या सांगायचं. मग ठरवलं, पुलावर सांगू. पूल गेला. मग सिग्नल लाल लागला तर सांगू. सगळे सिग्नल हिरवे मिळाले. त्या दिवशी सोलापुरात मी पहिल्यांदा हिरव्या सिग्नलवर चिडलो.

शोरूममध्ये टायवाला मुलगा समोरच भेटला. अण्णांनी त्याला दार दाखवलं. तो बघत राहिला, मग आत जाऊन मॅनेजरना घेऊन आला. मॅनेजर पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, फाईल मागवली. चहा आधी आला. अण्णा मला हळूच म्हणाले, "घाबरू नगंस. आपलं खरं हाय." मी घाबरलो होतो हे त्यांनी ओळखलं होतं, फक्त कशाला ते त्यांना माहीत नव्हतं.

फाईल आली. मॅनेजरनी चौथं पान काढून टेबलावर अण्णांच्या दिशेनं फिरवलं.

"काका, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग यात सगळं लिहिलंय की."

अण्णांनी कागद उचलला, नीट धरला, आणि माझ्यापुढं केला. "वाच बरं. मराठीत सांग."

मी वाचलं. वाहतुकीत दार चेपलं होतं. दुरुस्त केलंय, रंगवलंय. गिऱ्हाइकाला सांगितलंय. गिऱ्हाइकाला मान्य आहे. एवढी चार वाक्यं सांगायला मला परीक्षेतल्या तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागला असं वाटलं. टायवाला मुलगा दाराशी उभा होता, तो खाली बघत होता. त्यानं आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. गाडीचा आवाज ऐकताना ते जसे क्षणभर थांबतात तेवढंच. मग त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला हे सांगितलं होतं ना काका, सही करायच्या आधी?"

मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, नाही सांगितलं. ते खरंच होतं, आणि तसं म्हणाले असते तर भांडायला थोडीफार जागा होती. पण मग पुढचा प्रश्न आला असता की मुलगा शिकलेला आहे ना, त्यानं वाचलं नाही का. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पोरानं वाचून दाखवलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

मॅनेजरना हायसं वाटलं. ते म्हणाले, असं होतं काका, सणाची गडबड असते. त्यांनी आम्हाला एक अत्तराची बाटली दिली, गाडीत लावायची, गुलाबाच्या वासाची. मी ती घेतली. का घेतली ते मला अजून सांगता येत नाही. हातात काहीतरी आलं की मी थँक्यू म्हणतो, तसं म्हणालो.

परत येताना मी ती अत्तराची बाटली हातात फिरवत बसलो. जी वाक्यं मी तयार केली होती त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं, कारण सांगायचं काही उरलंच नव्हतं. हॉस्टेलच्या गेटपाशी गाडी थांबली. मी उतरलो आणि दार लोटलं. आतून अण्णा म्हणाले, "हळू लाव. रंग नवा हाय."

ते हसत होते की नाही ते मला काचेतून दिसलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी अण्णांना विचारलं की नव्या गाडीला अपघात झालाय का. एक लग्नाचं भाडं त्यामुळं हातचं गेलं, नवरी असल्या गाडीत बसवायची नाही म्हणून. मी एका रविवारी गावी गेलो तेव्हा हे मला आईनं सांगितलं. मी तिला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिला माहीत आहे. अण्णांनी सांगितलं का, विचारलं, तर म्हणाली, त्यांनी काही सांगितलं नाही, पण दोघं घरी येऊन जेवताना एकमेकांकडं बघत नाहीत म्हटल्यावर कळतंच की.

एके दिवशी कॉलेजसमोर तो टायवाला मुलगा भेटला. टाय नव्हता, चहा पीत होता. मी तोंड चुकवणार होतो, त्यानंच हाक मारली, अजूनही सरच म्हणून. तो म्हणाला, सांगायला हवं होतं मी. त्या दिवशी एवढ्या गाड्या होत्या की कुठली कुणाची तेच बघत होतो. मग म्हणाला, कंपनीच्या मोठ्या ऑफिसला लिहा. शोरूमला नाही, कंपनीला. ते चौकशी करतात. आणि चहाचा ग्लास खाली ठेवत, "मराठीत लिहिलं तरी चालतं, सर."

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीत बसून लिहिलं. पहिला मजकूर इंग्रजीत झाला. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' इथपर्यंत मस्त जमला आणि तिथंच संपला. मग मराठीत लिहिलं. दार रंगवल्याचं आम्हाला कुणी तोंडी सांगितलं नाही. कागदात ते होतं. कागद मी वाचला नाही आणि वडिलांना वाचला असं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. नंतर तुमच्या शोरूममध्ये त्यांनी मुलानं वाचून दाखवलं होतं असं सांगितलं, ते खरं नाही, ते मला वाचवण्यासाठी सांगितलं. गाडी भाड्यानं चालवून आमचं घर चालतं. सोबत दाराचा फोटो जोडला. वाचून बघितलं तर त्यात तक्रार कमी आणि कबुलीच जास्त होती. असा तक्रारअर्ज कुणी लिहीत नसेल. पाठवला.

महिना गेला, दोन गेले. मध्ये एकदा कुणीतरी फोन करून गाडीचा नंबर विचारला आणि बघतो म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा अण्णा मला बाजूला बसवून बार्शीपर्यंत घेऊन गेले, एका म्हाताऱ्या पेशंटला आणायला. वाटेत त्यांनी मला क्लचचा आवाज ऐकायला शिकवलं. मला काही ऐकू आलं नाही. आलं म्हणून सांगणार होतो, शब्द अगदी ओठापर्यंत आला होता. मग म्हणालो, "न्हाय आला, अण्णा." ते म्हणाले, "येईल. घाई काय हाय."

परीक्षा जवळ आली तसा मी गावाचे फोन कमी केले. आईचा मात्र दर रविवारी येतो. मागच्या रविवारी ती बराच वेळ बोलली. शेजारच्यांची म्हैस व्याली, तेही सलग तिसरा रेडाच. मामांच्या गुडघ्याचं दुखणं. गावात पाणी एक दिवसाआड. पंधरा मिनिटं झाल्यावर म्हणाली, ठेवते आता, आणि मग म्हणाली, "आरं व्हय, ऱ्हायलंच. त्या गाडीवाल्यांचा फोन आलता ह्यांना. दार आलंय म्हनले."

"कसलं दार?"

"कंपनीचं, नवं. वरनं सांगून आलंय म्हनं, बदलून द्या म्हणून. गाडी घिऊन या म्हनले."

"कधी आला फोन?"

"झाले की दहा दिस. तुला सांगू नगो म्हनले व्हते ह्ये, अभ्यास बुडंल म्हणून."

मी विचारलं, मग अण्णा गेले का, दार बसवलं का.

"कुटलं जात्यात," आई म्हणाली. "ह्यांनी त्यानला सांगितलं, पोराची परीक्षा हुं द्या. सही करायची म्हंजी कागद आसनारच. दोघं बसून वाचतो, मग करतो."